घाई कशाची, सबुरी कशाची
चेहऱ्यावरच्या त्वचेचा कॅन्सर: शस्त्रक्रियेची तयारी आणि नंतरचे दिवस

नाकपुडीच्या कडेला एक काळसर पुटकुळी येते. तिच्यावर खपली धरते, तोंड पुसताना टॉवेलाला लागून निघते, टिपूसभर रक्त येतं आणि आठवड्याभरात पुन्हा खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. मेडिकलवाला एक ट्यूब देतो, शेजारीण हळद लावायला सांगते, आणि बघता बघता दोन-तीन वर्षं निघून जातात. मग कधीतरी त्वचारोगतज्ज्ञ बायॉप्सी करायला लावतात आणि अहवालातला ‘कार्सिनोमा’ हा शब्द वाचून घर हादरतं. शस्त्रक्रिया होते, गाठ निघते. आणि ज्या घराने निदानाला तीन वर्षं लावली, तेच घर पंधराव्या दिवशी डॉक्टरांना विचारतं, ‘हा व्रण अजून गेला कसा नाही?’

या आजारात आपल्याकडे वेळेचं गणित असं नेमकं उलटं पडतं. घाई करायची ती निदानाची आणि गाठ पूर्ण काढून टाकण्याची. सबुरी ठेवायची ती दिसण्याच्या बाबतीत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांतल्या रुग्णाला उपचारांची सोय हाताशी आहे. अडतं ते शस्त्रक्रियेआधी काय करायचं आणि नंतर काय सोसायचं, हे त्याला कुणी नीट बसून सांगत नाही म्हणून.

हा आजार कोणता, आणि कोणता नव्हे

मुंबईत ‘चेहऱ्याचा कॅन्सर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर: अर्धा जबडा काढलेला, नाकात नळी घातलेला रुग्ण. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात असे चेहरे अनेकांनी पाहिलेले असतात. त्वचेच्या कॅन्सरचा रुग्ण पहिल्या दिवशी घाबरतो तो बहुतेक वेळा त्या आठवणीने. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवं की हे दोन आजार वेगळे आहेत.

चेहऱ्याच्या त्वचेवर सर्वाधिक आढळतो तो बेसल सेल कार्सिनोमा. नाक, डोळ्याचा आतला कोपरा, खालची पापणी, गाल, कपाळ या त्याच्या ठरलेल्या जागा. तो सावकाश वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. पण जागच्या जागी तो खोल उतरतो; दुर्लक्ष केलं तर नाकाची कूर्चा, पापणी, अगदी हाडापर्यंत पोखरत जातो. गोऱ्या कातडीवर तो मोत्यासारखा चकचकीत दिसतो, असं पाठ्यपुस्तकांत असतं. आपल्या सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा काळाच असतो, म्हणून तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो. दुसरा प्रकार स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो खालचा ओठ, कान, कानशील किंवा भाजल्याचे जुने व्रण अशा जागी उठतो, जास्त वेगाने वाढतो आणि कानापुढच्या किंवा मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत (गाठींपर्यंत) जाऊ शकतो. तिसरा मेलानोमा सर्वांत घातक. आपल्या लोकांत तो चेहऱ्यापेक्षा तळपाय आणि नखांखाली अधिक सापडतो.

भारतात एकूण कॅन्सरपैकी त्वचेचा कॅन्सर जेमतेम एक-दोन टक्के. त्वचेला सावळेपणा देणाऱ्या मेलॅनिनचं संरक्षण खरं आहे, पण ते पूर्ण नाही. वर्सोवा, मढ, गोराईच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या, उन्हात हातगाडी लावणाऱ्या, चौकात वाहतूक सांभाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर चाळीस-चाळीस वर्षांचं ऊन साठलेलं असतं. ऊन हे एकच कारणही नव्हे. पॅथॉलॉजिस्ट वि. रा. खानोलकर यांनी १९४५ साली मुंबईतूनच धोतर कमरेला आवळून नेसण्याच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरची नोंद जगापुढे मांडली होती. एकाच जागी वर्षानुवर्षं होणारा जाच, न भरणारी जखम, जुना व्रण यांच्याकडे डोळेझाक करू नये, हा त्या निरीक्षणाचा धडा चेहऱ्यालाही लागू आहे.

साधा नियम असा: चेहऱ्यावरची कोणतीही जखम महिनाभरात भरली नाही, किंवा भरून पुन्हा पुन्हा फुटू लागली, तर ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायची.

बायॉप्सीशिवाय पाऊल नको

सर्वांत मोठं नुकसान होतं ते इथे. ‘तीळ काढून देतो’ म्हणणारा कुणी ती जागा जाळून टाकतो, कुणी चुना लावतो, कुणी पार्लरमध्ये लेझर करून घेतो. वरून कातडी भरते, खाली कॅन्सर राहतो आणि व्रणाआड पसरत जातो. पुढे सर्जनला त्याची कड सापडणंही अवघड होतं. चेहऱ्यावरून काहीही काढलं, तर तो तुकडा पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे, हा हट्ट रुग्णाने धरावा.

बायॉप्सी म्हणजे जागा बधिर करून काढलेला छोटा तुकडा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीने लोक ती टाळतात. त्या भीतीला आधार नाही, आणि बायॉप्सीशिवाय कॅन्सरचा प्रकार, खोली आणि आक्रमकता कळत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. बायॉप्सीची जागा काही वेळा इतकी छान भरून येते की महिन्याभराने नेमकं कुठे होतं तेच सांगता येत नाही. म्हणून बायॉप्सीआधी चांगल्या उजेडात मोबाइलवर फोटो काढावेत: एक जवळून, एक नाक-डोळा-कान दिसतील असा. तारीख लिहून ठेवावी आणि ते फोटो सर्जनला दाखवावेत.

आधी कड, मग चेहरा

शस्त्रक्रियेचा पहिला हेतू एकच: कॅन्सर मुळासकट निघणं. त्यासाठी दिसणाऱ्या गाठीभोवतीची थोडी निरोगी त्वचाही काढावी लागते. तिला डॉक्टर मार्जिन म्हणतात. लहान, कमी जोखमीच्या बेसल सेल कार्सिनोमासाठी हे अंतर साधारण ४ मिलिमीटर धरतात; स्क्वॅमसमध्ये ४ ते ६ मिलिमीटर किंवा गरजेनुसार जास्त. म्हणूनच वाटाण्याएवढ्या गाठीसाठी रुपयाच्या नाण्याएवढी जखम होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर पट्टी सुटल्यावर रुग्णाला धक्का बसतो आणि आपल्याला फसवलं असं वाटतं.

कड स्वच्छ, म्हणजे कॅन्सरमुक्त, आहे की नाही, हे पाहण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला नेहमीचा: गाठ काढून तुकडा तपासायला पाठवायचा, अहवालाला आठवडा-दहा दिवस लागतात. दुसरा फ्रोझन सेक्शन: रुग्ण टेबलावर असतानाच तुकडा गोठवून पाहतात. तिसरी मोह्झ पद्धत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रेडरिक मोह्झ यांनी ती १९३० च्या दशकात सुरू केली. तिच्यात पातळ थर काढून त्याची संपूर्ण कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिथे कॅन्सर उरला असेल तेवढ्याच जागी पुढचा थर काढतात. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमात या पद्धतीने पाच वर्षांनंतरही सुमारे ९९ टक्के रुग्ण आजारमुक्त राहतात आणि निरोगी त्वचा जास्तीत जास्त वाचते. भारतात ही पद्धत मोजक्याच ठिकाणी होते. ती मिळाली नाही म्हणून हताश होण्याचं कारण नाही. मोठ्या किंवा परत उद्भवलेल्या गाठीत जखमेवर काही दिवस नुसतं ड्रेसिंग ठेवून, अहवाल स्वच्छ आल्यावरच चेहऱ्याची जुळणी करणं हाही सुरक्षित मार्ग आहे. या मधल्या दिवसांत नातेवाइकांचा धीर सुटतो, ‘उघडी जखम ठेवून घरी कसे पाठवतात?’ म्हणून भांडणं होतात. तो थांबा मुद्दाम घेतलेला असतो आणि रुग्णाच्या हिताचा असतो.

कड स्वच्छ झाल्यावर जखम बंद करण्याचे मार्ग जागेवर ठरतात. लहान जखम सरळ टाके घालून मिटते. डोळ्याचा आतला कोपरा, कानशील अशा खोलगट जागा काही वेळा आपोआप भरू दिल्या तरी छान येतात. कुठे शेजारची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट सरकवून आणतात, तो फ्लॅप. कुठे कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची कातडी काढून लावतात, तो ग्राफ्ट. वयामुळे किंवा इतर आजारांमुळे शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर रेडिएशनचा पर्याय असतो.

पुण्याजवळचं नाक, मुंबईतला कान

चेहऱ्याच्या या जुळणीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोचतो. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातले डॉक्टर थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचं चित्र काढलं, आणि ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली.

तिच्यातले तपशील आजही थक्क करतात. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर सपाट पसरायचा, त्याभोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त वाहतं राहील. मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवायची. वर पाण्यात कालवलेल्या कातात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवस तशाच. नंतर तुपात बुडवलेली कापडं. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. जोडणारी पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास.

सुश्रुतसंहितेत नाकाच्या जुळणीसाठी गालाची कातडी सांगितली आहे. कपाळाची रीत कारागिरांच्या घराण्यांनी पुढे नेली. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ती १८१४ मध्ये केली आणि १८१६ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आज नाकाचा मोठा भाग कॅन्सरमुळे काढावा लागला, तर जगभर याच कपाळाच्या फ्लॅपचा आधार घेतात आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. भूल, टाके, जंतुनाशकं सगळं बदललं. रक्तवाहिन्यांना नव्या जागी रुजायला लागणारा वेळ बदललेला नाही. तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची पट्टी घेऊन राहणं कठीणच. ‘डॉक्टर, लवकर कापता येणार नाही का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या कुंभारालाही ठाऊक होतं.

दुसरा धागा मुंबईचाच. इंग्लंडमधले प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी रुजवली. कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात पुन्हा घडवण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. १९६७ मध्ये त्यांनी डॉ. बुच यांच्यासोबत कानाच्या पाळीची कड भरून काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली. कानाच्या कडेचा कॅन्सर काढल्यावर आजही जगभरचे सर्जन ‘अंतिया-बुच फ्लॅप’ करतात.

शस्त्रक्रियेआधीचे दिवस

तंबाखू सगळ्यात आधी. विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, चुना-तंबाखू, कुठल्याही रूपातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. फ्लॅप आणि ग्राफ्ट जगतात ते याच बारीक वाहिन्यांवर. निदान चार आठवडे आधी बंद करावं आणि जखम भरेपर्यंत हात लावू नये. ‘एखादी चालते’ हे चालत नाही. नवीन कातडीचं टोक काळं पडायला तेवढंही पुरतं.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणण्यासाठी काही दिवस मिळाले तर ते वाया जात नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट नाजूक आहे. हृदयात स्टेंट असलेल्या किंवा अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं, आणि ती चालू असल्याचं सर्जनला न सांगणंही धोक्याचं. चेहऱ्याच्या बऱ्याच लहान शस्त्रक्रिया गोळी न थांबवताही होतात. निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून घेतील. काढे, चूर्णं, अश्वगंधा, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हेही सांगायचं, कारण त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. पेसमेकर असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण रक्त थांबवण्यासाठी विजेचं यंत्र वापरतात.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. कॅन्सरचा प्रकार कोणता? मार्जिन किती घेणार आणि ते कसं तपासणार? जखम किती मोठी होईल आणि कशी बंद करणार? एका टप्प्यात की दोन? कड स्वच्छ आली नाही तर पुढे काय? कोणत्या नसेला धोका आहे? कानशिलावरच्या शस्त्रक्रियेत भुवई उचलणारी नस वाटेत असते, खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर पापणी बाहेर ओढली जाऊ शकते. ही शक्यता आधी ऐकलेली असली की नंतर माणूस खचत नाही.

घरची तयारी साधी, पण उपयोगाची. डोक्यावरून काढावा लागणार नाही असा पुढे बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन. नथ, चमकी, कुड्या, मंगळसूत्र घरीच. टिकली, काजळ, पावडर, केसांना तेल नको. दाढी घरी ब्लेडने करून कातडी कापून घेऊ नये. फक्त जागा बधिर करणार असतील तर सहसा हलका नाश्ता चालतो. पूर्ण भूल असेल तर उपाशी राहण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतात आणि ती तंतोतंत पाळायची. पाणी भरणं, झाडलोट, नातवंडाला उचलणं ही कामं पंधरा दिवस कोण करणार, हे आधीच ठरवावं. घरातल्या बाईवर शस्त्रक्रिया होणार असेल तर हे ठरवणं सर्वांत महत्त्वाचं, कारण तिसऱ्या दिवशी ती ओट्याशी उभी राहते आणि टाके ताणले जातात.

पहिले दोन आठवडे

बधिरपणा काही तासांत उतरतो. दुखणं बहुतेकांना पॅरासिटामॉलवर भागतं; इतर वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिल्या दोन रात्री दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपावं. कपाळ किंवा नाकावर शस्त्रक्रिया झाली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे सुजतात, खाली काळंनिळं होतं. हे पाहून घरचे घाबरतात. पण हे रक्त गुरुत्वाने खाली उतरलेलं असतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत विरतं. खाली वाकणं, जड उचलणं, शौचाला जोर करणं टाळावं. देवापुढे वाकून नमस्कारही आठवडाभर नको; हात जोडले तरी पुरे.

पट्टीतून रक्त दिसलं तर काय करायचं, हे घरातल्या एकाला तरी पाठ हवं. स्वच्छ गॉज किंवा धुतलेला रुमाल जखमेवर ठेवायचा आणि घड्याळ लावून सलग वीस मिनिटं घट्ट दाबून धरायचं. मध्येच उचलून पाहायचं नाही. पाहिलं की धरू लागलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांनी थांबलं नाही तर पुन्हा तेवढंच दाबायचं, आणि तरीही वाहत असेल तर दाबलेल्या हातानेच रुग्णालय गाठायचं.

जखम कोरडी पडून वाळू द्यावी, ही जुनी समज. ओलसर राहिलेली जखम लवकर आणि चांगली भरते. डॉक्टर सांगतील तेव्हा सौम्य साबणाच्या पाण्याने हलकेच धुऊन, टिपून, वर मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची. हळद, तूप, सेव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नको. मुंबईच्या दमट हवेत घामाने पट्टी सुटते, पावसाळ्यात भिजते; भिजलेली पट्टी तशीच ठेवू नये. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात, जास्त ठेवले तर त्यांचेच डाग उरतात.

ग्राफ्टचं वेगळं. त्यावर कापसाचा बोळा टाक्यांनी बांधून ठेवतात आणि तो आठवडाभर हलवायचा नाही. तो सोडल्यावर खालची कातडी जांभळी-काळी दिसते. ‘सडली’ म्हणून रुग्ण रडू लागतात. ती नव्याने रुजत असते. हळूहळू गुलाबी होते. कानामागून कातडी घेतली असेल तर चष्म्याची दांडी आणि मास्कचं इलॅस्टिक तिथेच रुततं, नाकावर ग्राफ्ट असेल तर चष्म्याचा भार. त्याची सोय आधीच विचारून ठेवावी.

पथ्याच्या नावाखाली होणारी उपासमार हा आपला खास दोष. ‘आंबट खाल्लं की पू होतो’, ‘अंडं-मासळी नको’, ‘वांगं नको’ असं करत रुग्णाला फक्त मऊ भात मिळतो. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, दूध, पनीर, अंडं, मासळी, जे घरात चालतं ते खावं. ओठावर शस्त्रक्रिया असेल तर काही दिवस पेज, खिमट, पातळ खिचडी, आणि मोठा आ करायचा नाही.

दुखणं तिसऱ्या दिवसानंतर वाढू लागलं, पू किंवा ताप आला, जखमेखाली अचानक ताठर दुखरी सूज आली, फ्लॅप निळा-काळा पडत गेला किंवा नजरेत फरक पडला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

वर्षभराची सबुरी

टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असं नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर व्रणाला मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच ताकद असते. तीन महिन्यांत ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते. व्रण सुरुवातीला बारीक, मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उलट लाल, उंच आणि कडक दिसतो. फ्लॅप फुगीर राहतो. आजूबाजूला बधिरपणा, मुंग्या, मधूनच चमक येते. हा सर्वांत वाईट दिसण्याचा काळ असतो, आणि नेमक्या याच काळात लोक निराश होऊन नवे डॉक्टर, नवी क्रीमं शोधू लागतात. व्रण मऊ, फिका आणि सपाट व्हायला वर्ष लागतं. दुरुस्तीची छोटी शस्त्रक्रिया लागलीच तर ती सहसा त्यानंतर ठरवतात.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. जखम पूर्ण मिटल्यावर, डॉक्टरांच्या होकाराने, बोटाने रोज मालीश. उंच व्रणाला सिलिकॉन जेल. आणि उन्हापासून जपणं. आपल्या त्वचेत ऊन लागलेला ताजा व्रण काळा पडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचं सनस्क्रीन, पण त्याहून भरवशाची छत्री, रुंद काठाची टोपी, डोक्यावरून पदर. कपाळावरच्या व्रणावर चिकटणारी टिकली आणि कानशिलावर घासणारं हेल्मेट, दोन्हींबद्दल विचारून घ्यावं.

तपासण्या चुकवू नयेत. स्क्वॅमसनंतर पहिली दोन वर्षं दर काही महिन्यांनी मान आणि कानापुढचा भाग चाचपून गाठी पाहतात. बेसल सेल कार्सिनोमा काही वर्षांनी त्याच जागी परत येऊ शकतो, आणि ज्याला तो एकदा झाला त्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. महिन्यातून एकदा आरशात चेहरा, कान, टाळू आणि मान नीट पाहण्याची सवय आयुष्यभराची आहे.

लोकांत वावरताना

पोटावरचा टाका कपड्याखाली राहतो, चेहऱ्यावरचा लिफ्टमध्ये, रेशनच्या रांगेत, सोसायटीच्या गणपतीत सगळ्यांसमोर असतो. ‘काय हो, काय झालं?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. एक वाक्य ठरवून ठेवलेलं बरं: ‘त्वचेवर गाठ होती, काढली, आता ठीक आहे.’ जास्त सांगायचं की नाही, हा हक्क रुग्णाचा. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे मात्र घरातल्या प्रत्येकाने ठामपणे सांगावं, कारण ताट-वाटी वेगळी करणारी घरं अजूनही आहेत.

पहिल्यांदा आरसा कधी पाहायचा, हे रुग्णाने ठरवावं आणि त्या वेळी जवळ कुणीतरी असावं. लहान मुलांना आधी सांगून ठेवावं, म्हणजे आजीची पट्टी पाहून ती दचकत नाहीत. काही आठवड्यांनंतरही माणूस घराबाहेर पडत नसेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत कॅन्सर रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्था जुन्या आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची; देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी तिने १९६३ मध्ये मुंबईतच सुरू केली.

उपनगरातून परळपर्यंत

प्रत्येक गाठीसाठी परळ गाठावं लागतं, असं नाही. पहिली तपासणी आणि बायॉप्सी उपनगरात होऊ शकते. कूपर किंवा राजावाडीसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन दाखवण्यापासून सुरुवात करता येते. प्लास्टिक सर्जरीचे विभाग सायन, केईएम, नायरमध्ये आहेत, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मोठी खासगी रुग्णालयं आहेत. डोळ्याजवळची, परत आलेली किंवा गाठींपर्यंत गेलेली अवघड प्रकरणं १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयात न्यावीत. घाटकोपर-मुलुंडहून स्लो गाडी थेट परळला थांबते; अंधेरी-बोरिवलीकरांना दादर किंवा प्रभादेवीला उतरावं लागतं. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं. कागदपत्रं जवळ ठेवावीत आणि तो हक्क संकोच न करता वापरावा. तरीही पहिले दोन आठवडे गर्दीची वेळ टाळावी. ताज्या टाक्यांवर एक कोपर बसलं तरी घात होतो.

पैशांची चौकशी शस्त्रक्रियेनंतर करून उपयोग नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात, पण मंजुरी आधी घ्यावी लागते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो; शिधापत्रिका, आधार आणि बायॉप्सीचा अहवाल घेऊन त्याला पहिल्याच भेटीत गाठावं. खासगी विमा असेल तर ‘ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे’ म्हणून दावा अडू नये यासाठी फ्लॅप-ग्राफ्ट हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग असल्याचं सर्जनकडून लिहून घ्यावं. आणि सगळे कागद, बायॉप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक कुठे ठेवले आहेत हे घरात दोघांना तरी माहीत असावं.

या साऱ्यात नव्या तंत्राचा किंवा महागड्या यंत्राचा अभाव क्वचितच आडवा येतो. आडवी येते ती न मिळालेली माहिती. रुग्णालयातून निघताना हातात औषधांची चिठ्ठी असते, पण रक्त आलं तर किती वेळ दाबायचं, काय खायचं, व्रण कधी फिका होईल, पुन्हा केव्हा यायचं हे लिहिलेला साध्या मराठीतला एक कागद नसतो. तो प्रत्येक रुग्णाला, शस्त्रक्रियेच्या आधीच मिळायला हवा. महापालिकेला, राज्य सरकारला आणि खासगी रुग्णालयांना हे उद्यापासून करता येण्यासारखं आहे, आणि त्याचा खर्च एका पट्टीहूनही कमी आहे. तोवर हा कागद रुग्णाने मागावा. मिळाला नाही तर वही उघडून डॉक्टरांसमोर बसावं आणि स्वतः लिहून घ्यावा.